तिमोलासनं लिहिलेलं कुरण

परवा राजाच्या पुस्तकघरातला एक माणूस आमच्या त्रागास गावात आला होता. पायांत मऊ चपला, काखेत मेणाची पाटी. मी शेळी पिळत होतो. शेळीच्या अंगावर पाय पडेल एवढ्या जवळ येऊन त्यानं विचारलं, "स्मीक्रोसचे चिरंजीव तिमोलास, इतिहासकार, ते इथलेच ना? त्यांनी नऊ खंड लिहिले असं ऐकलं. कुठे पाहायला मिळतील?"

"मिळायचं न्हाईत," मी म्हणालो.

"म्हणजे हरवले?"

"हरवलं न्हाईत. वापरलं."

त्यानं पाटीवर काहीतरी खरडलं. माझ्या अंदाजानं 'हरवले' असंच लिहिलं असावं, कारण लिहिणाऱ्या माणसाला आपण सांगतो ते कधी ऐकू येत नाही. ऊन चढायला लागलं तसा तो गाढवावर बसून निघून गेला. थांबला असता तर वाटीभर दूध पाजून सगळं सांगितलं असतं. तो गेला, म्हणून तुम्हाला सांगतो.

तिमोलासचा बाप स्मीक्रोस खारवलेली मासळी विकायचा. माणूस सरळ होता. त्याच्या मासळीला वास यायचा, पण वास येतो असं तो आधीच सांगायचा. पोरगं मात्र लहानपणापासून नाक वर करून चालायचं. विशीत ते गावातून गेलं आणि अकरा वर्षांनी परत आलं तेव्हा दाढीला तेल, बोटात अंगठी आणि चालणं असं, की जणू कुणीतरी शेजारून त्याचा पुतळा घडवत चाललंय. बाप काय करायचा असं कुणी परक्यानं विचारलं की म्हणायचं, "आमचा सागरी व्यापार होता."

अकरा वर्षं तो काय करत होता? गावोगाव जाऊन त्या त्या गावाचा इतिहास वाचून दाखवत होता. आपल्याकडं ही रीत आहेच. असा कुणी आला की गाव त्याला तालमीच्या ओसरीत बसवतं, तो चार दिवस वाचतो, आपले पूर्वज किती मोठे होते ते ऐकून लोक खूश होतात, त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतात, आणि मानाचा ठराव दगडावर कोरतात. एवढ्यानं भागत नाही. ठरावाची नक्कल घेऊन दोन माणसं त्याच्या गावी जातात, की बाबांनो, तुमच्या माणसाचा आम्ही असा असा मान केला, तुम्हीही दगड उभा करा. मग त्याचं गावही दगड उभा करतं.

तसा एक दगड तिमोलास परत आला त्याच वर्षी आमच्या बाजारात उभा राहिला. डोंगरापलीकडच्या फेनोस गावानं त्याचा मान केला होता. फेनोसची दोन माणसं नक्कल घेऊन आली. गावसभेत तिमोलासनं ती स्वतःच वाचली. पहिल्या दहा-बारा ओळींत त्याची विद्वत्ता, त्याचे कष्ट आणि देवांवरची त्याची भक्ती एवढं ऐकून झालं, तोवर पलीकडं बैल भाजायचा वास सुटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उठले. उरलेल्या ओळी कुणी ऐकल्या नाहीत. पाथरवटानं अक्षरं कोरली, दगड जनावरांच्या हौदाशेजारी रोवला. नऊ वर्षं मी त्या दगडाला शेळ्या बांधल्या. त्याला पाठ टेकून जवाची भाकरी खाल्ली. माझी बायको मिक्का त्यावर धुतलेली लोकर वाळत घालायची. दगड वाचायची आमच्याकडं रीत नाही. दगड उभा करायची रीत आहे.

आता कुरणाचं सांगतो. आमच्या आणि फेनोसच्या मधल्या डोंगरावर तीन झरे आहेत आणि त्यांच्यामुळं उन्हाळाभर हिरवं राहणारं एक कुरण. खाली सगळं करपून जातं तेव्हा तिथं गुडघाभर गवत असतं. माझ्या साठ शेळ्यांचा उन्हाळा त्या गवतावर निघायचा. वरच्या झऱ्यावर आम्ही, खालच्यावर फेनोसवाले, मधला दोघांचा. दरवर्षी वसंतात दोन्हीकडचे धनगर मधल्या झऱ्यावर जमायचे, झऱ्यातल्या देवींना एक करडू द्यायचे, मिळून खायचे, आणि पुढच्या वर्षापर्यंत कुणी कुणाच्या झऱ्यावर जायचं नाही अशी शपथ घ्यायचे. माझ्या आज्याच्या आज्यापासून हे चाललेलं. याच्यावर कुठंही अक्षर लिहिलेलं नव्हतं आणि कधी काठी उचलायची वेळ आली नव्हती.

वरच्या झऱ्याजवळ दगडांचा एक मोठा ढीग होता. वारा फार झोंबतो तिथं, म्हणून आडोशाला रचलेला.

एका हिवाळ्यात तिमोलासनं तालमीच्या ओसरीत आपला मोठा ग्रंथ वाचायला घेतला. त्रागासचा इतिहास, नऊ गुंडाळ्या. सगळं गाव गोळा झालं. मीही होतो, कारण हिवाळ्यात दुसरं काम नव्हतं आणि ओसरीत शेगडी होती. तिसऱ्या दिवशी त्यानं आमच्या मूळ पुरुषाची गोष्ट काढली. केर्कास त्याचं नाव, अपोलोचा मुलगा. पांढऱ्या हरणामागं धावता धावता तो तीन झऱ्यांपाशी आला. हरीण वरच्या झऱ्यावर पाणी प्यायलं आणि नाहीसं झालं. केर्कासनं तिथंच देह ठेवला. "आणि बंधूंनो," तिमोलास म्हणाला, आवाज कापरा करून, "त्या महापुरुषाचं थडगं आजही तिथं उभं आहे. मोठमोठ्या दगडांचं. आपण त्याच्या सावलीत शेळ्या चारतो, आणि आपल्याला ठाऊक नाही!"

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या शेजारी मोस्खोनआबा बसला होता, आमच्यातला सगळ्यात जुना धनगर, ऐंशीच्या पुढचा. तो माझ्या कानात कुजबुजला, म्हणजे त्याच्या मानानं कुजबुजला, चार रांगांना ऐकू गेलं. "आरं सिमोस, ह्यो कुठल्या ढिगाचं बोलतुय?"

"वरच्या झऱ्यावरच्या, आबा."

"त्यो? त्यातलं निम्मं दगुड म्या वाहिल्यात की! तुझा आजा आन म्या. माझ्या खांद्याला इचार."

लोक हसले. तिमोलासनं गुंडाळी खाली ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्ही दगड वाहिले असतील. पण कुणाच्या प्रेरणेनं वाहिले, हे तुम्हाला कसं कळणार?"

आबा खांदा चोळत बसला. गावानं तिमोलासला मुकुट दिला, नाटकात पुढची जागा दिली आणि मरेपर्यंत गावच्या सामाईक चुलीवरचं जेवण दिलं. गुंडाळ्या हेरा देवीच्या देवळातल्या पेटीत ठेवल्या. तेवढी एकच प्रत होती. बाकी तो लाकडी पाट्यांवर लिहायचा, खरवडायचा आणि त्याच पाटीवर पुन्हा लिहायचा.

इथवर मला काही म्हणायचं नाही. खोटा पूर्वज घेऊन कुणी मरत नाही. पण इतिहास ऐकलेलं गाव दारू प्यायलेल्या गावापेक्षा वाईट. उन्हाळा लागताच तालमीतली धटिंगण मंडळी डोंगरावर गेली आणि फेनोसच्या शेळ्या मधल्या झऱ्यावरून आणि खालच्या झऱ्यावरूनही हाकलून आली. म्हणे केर्कासची भूमी आहे. त्यातल्या एकानंही आयुष्यात शेळी पिळली नव्हती.

फेनोस राजाकडं गेलं. राजानं एका बेटावरचे तीन न्यायाधीश नेमले. निवाड्याला महिना होता तेव्हा फेनोसचा धनगर आर्नियास आडवाटेनं आमच्या वाड्यावर आला. मी त्याला बारा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. नाकात बोलतो, पण खोटं बोलत नाही.

"सिमोस, आमच्या गावानं मला धाडलंय," तो म्हणाला. "वरचा तुमचा, खालचा आमचा, मधला दोगांचा. हुतं तसं. करता का? न्यायाधीशांना परत धाडू."

"करू की," मी म्हणालो. "आमचं गाव करंल का इचारतो."

दुसऱ्या दिवशी गावसभा भरली. मोस्खोनआबा काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या की. आपल्याला काय कमी पडतंय? आन साक्ष लागली तर मी देतो. करडाची, शपथेची, समदी. अजून जित्ता हाय म्या."

तिमोलास उठला. त्या दिवशी त्यानं मुकुट घातला होता. सुकलेला होता, तरी घातला होता. "बंधूंनो, जे पूर्ण आपलं आहे त्याचा अर्धा भाग भीक म्हणून घ्यायचा? आणि न्यायाधीशांपुढे काय उभं करायचं, करडाची गोष्ट? ही सुशिक्षित माणसं आहेत. त्यांना ग्रंथ लागतो. तो आपल्याकडे आहे. त्यांच्याकडे काय आहे?"

"शेळ्या हाईत," आबा म्हणाला.

पुन्हा हसू झालं, पण या वेळी आबाला हसले. हात वर करायला सांगितले. तडजोडीच्या बाजूनं सात हात. मला लाज वाटते सांगायला, त्या सातांत माझा नव्हता. आजूबाजूच्या सगळ्यांचे हात तिमोलासच्या बाजूनं वर गेले आणि माझाही गेला. साठ शेळ्यांचा मालक मी, आणि एका पांढऱ्या हरणासाठी हात वर केला. घरी मिक्कानं विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. तिला तोंडावरून कळलंच. दोन दिवस मला मसुराचं पाणी मिळालं, मसूर नाही.

निवाडा डोंगराच्या पायथ्याशी अपोलोच्या देवळात झाला. सकाळीच. दोन्ही गावं जमली होती. तिघे न्यायाधीश म्हातारे, अंगावर परगावची धूळ. पहिल्यांदा आमची बाजू. तिमोलासनं दुपारपर्यंत वाचलं. हरीण आलं, प्यायलं, गेलं. एक न्यायाधीश मध्ये डुलकीही काढून आला. मोस्खोनआबाला आम्ही आणलाच नव्हता. तिमोलास म्हणाला होता की त्यानं ग्रंथाची शोभा जाईल.

मग फेनोसचा बोलणारा उठला. बुटका, घामाघूम माणूस, हातात एकही कागद नाही. मला बरं वाटलं.

"न्यायाधीश महाराज," तो म्हणाला, "ह्या विद्वानांचं पटण्यासारखं हाय. आमाला बी पटलं. दहा वर्सापूर्वी ह्येच विद्वान आमच्याकडं आलते. ह्येच हरीण घिऊन. फकस्त तवा त्यो पुरुष आमचा हुता, फेनेउस नावाचा. त्योच झरा, त्येच थडगं. आमी त्यांचा मान केला, दगुड कोरला, की ह्यांनी लई विद्वत्तेनं आन लई कष्टानं शिद्ध केलं, तीन झऱ्यांचं कुरण मूळपासनं फेनोसचं हाय."

आमच्यातले ओरडले, "खोटं! दावा दगुड!"

"आमच्या गावी चला असं म्या कशाला म्हणू?" तो बुटका म्हणाला. "तुमच्याच बाजारात हाय की. हौदाशेजारी. तुमीच उभा केलाय. अठराव्या ओळीपासनं वाचा."

मी तिमोलासकडं बघितलं. त्याला आठवत नव्हतं, असं तो पुढं सांगायचा, आणि मला ते खरं वाटतं. सात गावांत त्यानं सात थडगी बांधली होती, एकाच हरणावर. कुठलं कुठं बांधलं हे कोण लक्षात ठेवतो! पण पाथरवटानं मला नंतर एक सांगितलं. दगड कोरताना तो तिमोलासला म्हणाला होता, दगड लहान पडतोय, कुरणाच्या ओळी गाळू का? तिमोलास नको म्हणाला. 'लई विद्वत्तेनं आणि लई कष्टानं' हे शब्द त्याच ओळींत होते. त्या दोन शब्दांसाठी त्यानं आमचं गवत आमच्याच बाजारात उभं राहून शेजाऱ्याला कोरून दिलं.

न्यायाधीश दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात आले. दगडावर मिक्काची लोकर होती. ती न्यायाधीशांना म्हणाली, "थांबा, काढते." लोकर काढली. सगळ्यात धाकट्या न्यायाधीशानं खाली बसून मोठ्यानं वाचलं. अठरावी ओळ, एकोणिसावी, विसावी. हौदावर एक गाढव पाणी पीत होतं.

"तुमच्या गावानं हे स्वतः उभारलं?" त्यानं विचारलं.

"व्हय," आमचा मुख्य म्हणाला.

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"न्हाई."

"मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

तिमोलास पुढं आला. मला वाटलं आता जमिनीला डोकं लावील. तो म्हणाला, "इतिहासात दोन परंपरा असू शकतात. मी दोन्हींना न्याय दिला आहे."

कुरण फेनोसला गेलं. तिन्ही झऱ्यांसकट.

गावसभेत आरडाओरडा झाला. त्याला दगडांनी मारा असं म्हणणारे तालमीतलेच होते. पण मारलं नाही, कारण तडजोड नको म्हणून हात आपणच वर केले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामाईक चुलीवरचं जेवणही काढून घेता आलं नाही, ते मरेपर्यंत दिलेलं होतं. दारापाशी बसवायचे त्याला, मसुरावर तेल घालायचे नाहीत. तो मुकाट खायचा, आणि शेजारी कुणी परका बसला की त्याला विचारायचा, "आपलं गाव कोणतं? त्याचा इतिहास कुणी लिहिलाय का?" दोन हिवाळ्यांनी तापानं गेला. थडग्यावर कोरायला स्वतःच चौदा ओळी करून ठेवल्या होत्या. पाथरवटानं नाव आणि बापाचं नाव कोरलं. म्हणाला, दगड लहान पडला.

पुस्तकांचं असं झालं. देवळातल्या पेटीतून नऊ गुंडाळ्या बाहेर काढून उकिरड्यावर टाकल्या, त्या मिक्कानं उचलून आणल्या. "तुमी पुरुसांनी कामाचं कायबी आणलं न्हाई," ती म्हणाली, "निदान म्या आणते." ताजं चीज ती अंजिराच्या पानांत बांधायची. त्या वर्षी पानं गळली तरी तिचं अडलं नाही.

शेळ्यांचं मात्र अडलं. पहिला उन्हाळा मी ओढ्याच्या काठानं, काट्यांवर काढला. साठातल्या बावीस गेल्या. काही कापल्या, काही आपण होऊन मेल्या. पुढच्या वसंतात मी मोस्खोनआबाला गाढवावर बसवलं, मिक्काकडून तीन चीज बांधून घेतली, एक करडू खांद्यावर टाकलं, आणि मधल्या झऱ्यावर गेलो. मागायला. आर्नियास नको म्हणाला असता तर उरलेल्याही विकायच्या आणि मी माझ्या बापासारखी दुसऱ्याच्या शेळ्यांची राखोळी धरायची, एवढं ठरवून गेलो होतो.

आर्नियास तिथं होता. करडू त्यानंही आणलं होतं. आमच्याकडं बघून म्हणाला, "म्हटलं येताय का न्हाई."

"तुझं कुरण हाय," मी म्हणालो. "मधल्या झऱ्याला पाजू दे. चीज आणलंय."

"माझं?" तो नाकातून हसला. "वर बघ."

वर बघितलं. आमच्या आडोशाच्या ढिगाला कुंपण घातलं होतं. समोर चौथरा, चौथऱ्यावर शेंदरी मातीनं रंगवलेलं हरीण. शेजारी एक पुजारी खुर्चीत बसून अंजीर खात होता.

"थडगं हाय न्हवं," आर्नियास म्हणाला. "आमच्या गावानं देव केलाय त्येचा. देवाच्या जागंत चारायचं न्हाई. वरच्या झऱ्याचं समदं गवात बंद. चरायला गेली शेळी तर त्यो पुजारी धरतो आन कापतो, म्हनतो फेनेउसला वाहिली. माझ्या चार वाहिल्या. लई जिंकलो आमी."

मोस्खोनआबा गाढवावरून उतरत होता, तो तसाच अर्ध्यात थांबला. मग हसायला लागला. इतका हसला की मी त्याला धरून खाली बसवला.

"ये, पाज," आर्नियास म्हणाला. "मधला दोगांचा. खालच्याला बी उन्हाळ्यात बघू, आळीपाळीनं. पर चाळीसाच्या वर शेळ्या आणू नगंस, पुरायचं न्हाई."

"अडोतीस हाईत."

"मग बसत्यात."

शपथ घेतली, दोन्ही करडं कापली. आर्नियासनं चीज सोडलं आणि त्याच्याभोवतीचा गुंडाळीतला कागद उलटसुलट बघितला. त्यालाही वाचता येत नाही. "ह्यात काय लिवलंय रं?"

"कुरण आमचं हाय म्हणून."

"आन आमच्या दगडावर आमचं हाय म्हणून. एकाच माणसाचं?"

"एकाच."

त्यानं कागद चुरगळून काटक्यांखाली सारला. चांगला पेटला. तेल मुरलेलं होतं त्यात. दुसरा आबानं दिला, तिसरा मी. जाळ झाला, पण वाऱ्यानं एका बाजूला पडायला लागला. आडोसा वर पुजाऱ्याच्या कुंपणात होता.

"वारं लागतंय," आबा म्हणाला. खांद्यावरचं कातडं त्यानं गळ्याशी ओढलं.

मी आणि आर्नियास उठलो. झऱ्याखाली दगड भरपूर आहेत. वाहून आणायला लागलो आणि एकावर एक ठेवायला लागलो. कमरेएवढे झाले तसा आबा ओरडला, "पुरं, पुरं! लई उंच करू नगा. कुनीतरी लिवील."